दोन वर्षं मी एका चित्राची खोटी गोष्ट सांगत होते (कलासंग्रहालयातली स्वयंसेवी गाईडगिरी)

मधली_खिडकी

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज लिहितेय, कारण घरी सांगून झालं आणि घरच्यांचं म्हणणं पडलं, "बरं मग?"

मी एका कलासंग्रहालयात स्वयंसेवक गाईड आहे. पगार नाही. गळ्यात ओळखपत्र आणि महिन्याला चार फेऱ्या. त्याआधी वर्षभर प्रशिक्षण झालं: व्याख्यानं, जुन्या गाईडांच्या मागेमागे वही घेऊन हिंडणं, आणि शेवटी एक फेरी परीक्षेची, जिच्यात सगळे श्रोते आपल्यापेक्षा जास्त जाणणारे असतात.

माझ्या फेरीत शेवटून दुसरं एक तैलचित्र आहे. खुर्चीत बसलेली बाई. उजवा हात पुस्तकावर, त्याची नखंसुद्धा नीट रंगवलेली. डावा हात मांडीवर, आणि तो मात्र धूसर. बोटं कुठे संपतात आणि कपड्याची चुणी कुठे सुरू होते ते कळत नाही, खालचा तपकिरी थर वर डोकावतो. पाटीवर फक्त चित्रकाराचं नाव, "बसलेली स्त्री" आणि "कॅनव्हासवर तैलरंग".

प्रशिक्षणात एका ज्येष्ठ गाईडबाईंनी सांगितलं होतं की ही चित्रकाराची बायको. चित्र चालू असताना ती गेली, म्हणून त्याने तो हात तसाच सोडला. मी ते वहीत उतरवलं आणि दोन वर्षं सांगितलं. फार चांगलं सांगत होते हो! "हात" म्हणून थांबायचं, दोन क्षण जाऊ द्यायचे, मग पुढचं. लोक गप्प व्हायचे. एक आजोबा तर दर दोनतीन महिन्यांनी येतात, समोरच्या बाकावर बसतात आणि मी गटाला घेऊन आले की मागे उभे राहून तेवढंच ऐकून जातात.

गेल्या आठवड्यात दालन बंद असताना आमचे कॉन्झर्वेटर (चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणारे) त्या चित्रावर बाजूने तिरका उजेड पाडून काहीतरी तपासत होते. मी सहज म्हटलं, "अपूर्ण राहिलेला हात ना?" ते मान न वळवता म्हणाले, "अपूर्ण कुठला? घासून काढलाय तो."

कधीतरी फार पूर्वी पिवळं पडलेलं वॉर्निश उतरवताना कुणीतरी जोरकस द्रावण वापरलं, आणि वॉर्निशबरोबर हाताचे वरचे पातळ थरही निघून आले. फाइलमध्ये त्या सफाईच्या आधीचा एक जुना काळापांढरा फोटो आहे. मला दाखवला. हात पूर्ण आहे. पाचही बोटं, अंगठीसकट. आणि ती बायको होती याचा फाइलमध्ये कुठेही उल्लेख नाही.

पुढची फेरी पुढच्या रविवारी आहे. काय सांगू? आणि आतापर्यंत ज्यांना सांगितलं त्यांचं काय?

वाळवी

त्यांचं काय होणार, त्यांनी ते आणखी चारजणांना सांगितलंय. आता ती लोककथा झाली. अभिनंदन.

(हलके घ्या.)

जुना_कॅनव्हास

मधली_खिडकी, मनाला लावून घेऊ नका. मी अकरा वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या खात्यावर अशा निदान तीन गोष्टी आहेत. त्यातली एक मी शाळेच्या सहलींना सांगितली आहे, म्हणजे ती आता अमर.

जगातली मोठमोठी चित्रंही यातून सुटलेली नाहीत. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाईट वॉच' घ्या, १६४२ चं. गाईड पिढ्यानपिढ्या सांगत आले की ज्यांचं चित्र काढलं ते शिपाईगडी भडकले, चित्र नाकारलं आणि तिथून रेम्ब्रांटची उतरण लागली. प्रत्यक्षात नाकारल्याचा एकही समकालीन पुरावा नाही. चित्र त्यांच्याच सभागृहात १७१५ पर्यंत लटकत होतं. रेम्ब्रांटची दिवाळखोरी १६५६ ची, म्हणजे चौदा वर्षांनंतरची. मग गोष्ट का टिकली? तर १६४२ मध्येच त्याची बायको सास्किया वारली. दोन गोष्टी एका सालात आल्या की माणसाला मध्ये दोरी बांधल्याशिवाय चैन पडत नाही. (बघा, इथेही वारलेली बायको आहेच!)

आणि त्यातला 'नाईट' सुद्धा खोटा. प्रसंग दिवसाचा आहे. वॉर्निश काळवंडत गेलं आणि लोकांनी त्याला रात्र ठरवलं. शिवाय १७१५ मध्ये नव्या जागी मावेना म्हणून चित्राच्या चारही बाजू कापल्या. मी तर म्हणेन की कापाकापीची ही खरी हकीकत त्या खोट्या रुसव्याफुगव्यापेक्षा कितीतरी भारी आहे. तुमचंही तेच आहे. बायको गेली म्हणून हात सोडला, हे कुठेही ऐकायला मिळेल. चित्र सुधारायला बसलेल्या माणसाने हातच पुसून टाकला, हे तुमच्याच भिंतीवर आहे.

शंकासूर

मला यात एवढा अपराध दिसत नाही. लोक इतिहासाची परीक्षा द्यायला येत नाहीत. गोष्टीमुळे ते त्या चित्रासमोर थांबले, गलबलले. खरं सांगितलं असतं तर "अच्छा, सफाईत गेला का" म्हणून पुढे सरकले असते. कुणाचं काय नुकसान झालं?

वाळवी

मग पाटीवरच लिहू या: "सत्य घटनेवर आधारित, घटना अजून सापडायची आहे."

निळी_शाई

शंकासूर, नुकसान होतं. मी एका संग्रहालयात नोंदणी विभागात काम करते, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगते.

आमच्याकडे दर महिन्याला एखादा ईमेल येतो, "अमुक चित्रातली बाई चित्रकाराची बहीण होती असं तुमच्या गाईडने सांगितलं, संदर्भ द्या." आम्ही फाइल उघडतो. संदर्भ नसतो. तोवर ते वाक्य कुणाच्या तरी प्रबंधाच्या तळटीपेत "संग्रहालयाच्या माहितीनुसार" म्हणून जाऊन बसलेलं असतं. पुढच्या पिढीचा गाईड तो प्रबंध वाचतो आणि म्हणतो, बघा, छापून आलंय. वर्तुळ पूर्ण.

माझा एक घरगुती उपाय. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात फाइलमध्ये आहे ते: साल, माप, कुणाकडून आलं, कधी काय दुरुस्ती झाली. दुसऱ्यात अभ्यासकांचे अंदाज. तिसऱ्यात "लोक म्हणतात". तिसरा रकाना सांगायला हरकत नाही, फक्त सांगताना "लोक म्हणतात" हे दोन शब्द गिळायचे नाहीत. आणि पाटी शब्दशः वाचा. "अमुक यांचे चित्र", "अमुक यांचे मानले जाते" आणि "अमुक यांच्या कार्यशाळेतील" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकेका शब्दावर आमच्याकडे बैठका झालेल्या असतात आणि गाईड दालनात सरसकट "हे अमुकचं" म्हणून मोकळा होतो.

नाव नाही म्हणून चित्राचं काही अडत नाही. डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी कोण, हे कुणालाही माहीत नाही. ते रूढ अर्थाने व्यक्तिचित्रही नाही. अशा चेहऱ्याच्या अभ्यासचित्राला डच लोक 'ट्रोनी' म्हणतात. तरी तिच्यासमोर रांग लागतेच. १८८१ मध्ये तेच चित्र लिलावात दोन गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) गेलं होतं, तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. मुलीचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं.

भटका_कुंचला

अवांतर: "व्हॅन गॉगचं जिवंतपणी एकच चित्र विकलं गेलं" हे वाक्य न उच्चारणारा गाईड मला अजून भेटायचा आहे. 'रेड व्हिनयार्ड' हे ॲना बॉख या चित्रकर्तीने १८९० मध्ये ४०० फ्रँकला घेतलं, इथपर्यंत बरोबर. पण 'एकच' नाही. १८८२ मध्ये त्याच्या काकाने पैसे मोजून त्याच्याकडून शहराची रेखाटनं काढून घेतली होती. अर्थात "फारसं काही विकलं गेलं नाही" म्हटलं की कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

अवांतर समाप्त.

तिसरी_घंटा

मी शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात मुलांच्या फेऱ्या घेते. मला मूळ प्रश्नापेक्षा ते "दोन क्षण थांबायचे" फार ओळखीचं वाटलं. आपण सगळे ते करतो. पण त्या दोन क्षणांत लोक कुणाकडे बघत असतात? आपल्याकडे. चित्राकडे नाही. रागावू नका, मी स्वतःचा व्हिडिओ पाहिला तेव्हा मला हे कळलं. बारा मुलं माझ्या तोंडाकडे टक लावून, आणि चित्र बिचारं माझ्या पाठीमागे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात ते दोघा संशोधकांनी मोजलं होतं. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सरासरी २७ सेकंद, आणि अगदी मधल्या माणसाचे १७. त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे तीन प्रश्नांची. ॲबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे शिक्षणप्रमुख राहिलेले फिलिप येनवाइन यांनी ती बसवली. आधी दोनेक मिनिटं गुमान बघायचं. मग विचारायचं: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटलं, काय दिसलं? आणखी काय सापडतंय? बस. मूल जे म्हणेल ते आपण वेगळ्या शब्दांत परत म्हणायचं आणि तो तो भाग बोटाने, लांबून, दाखवायचा. "बरोबर", "शाब्बास" काही नाही. हे 'शाब्बास' गिळणं मला वीस वर्षांच्या मास्तरकीनंतर इतकं जड गेलं की पहिल्या महिन्यात घसा दुखायचा.

दुसरा प्रश्न खरा. कुणी म्हणालं "ती उदास आहे" तर "कशावरून?" मग भुवया, खांदे, खिडकी बंद असणं, असं एकेक बाहेर येतं. एकदा सात वर्षांचा एकजण म्हणाला, "ती उदास नाहीये, तिला शू लागलीये." कशावरून? "पाय बघा ना." आणि खरंच, मी ते चित्र शंभर वेळा दाखवलं होतं, पाय कधी पाहिलेच नव्हते. एक पाऊल दुसऱ्यावर दाबून ठेवलेलं.

तुमच्या चित्रापुढे हे करून बघा. हाताबद्दल अवाक्षर काढू नका. कुणाला तरी तो दिसेलच.

शंकासूर

तीन प्रश्नांची पद्धत मुलांना ठीक. मोठी माणसं म्हणतात, "आम्हाला काय दिसतं ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही माहिती सांगा." गाईडने माझ्यावर असा प्रयोग केला तर मी फेरी सोडून जाईन.

तिसरी_घंटा

मान्य. मोठ्यांच्या गटात मी माहिती देतेच, पण बघून झाल्यावर. आधी सांगितली की त्यांना तेवढंच दिसतं.

फक्त_वाचक

छान धागा, वाचनखूण साठवली. मला निवृत्तीनंतर हे काम करायचं आहे. कलेची पदवी लागते का? मी आयुष्यभर हिशेब तपासले आहेत. आणि फेरीत किती चित्रं घ्यायची?

जुना_कॅनव्हास

पदवी बहुतेक ठिकाणी लागत नाही, प्रशिक्षण संग्रहालयच देतं. हिशेब तपासनीस असाल तर निळी_शाईंचे तीन रकाने तुम्हाला जन्मजात येत असणार, आमच्यापेक्षा बरे गाईड व्हाल.

किती चित्रं, यावर माझा प्रवास असा: पहिल्या फेरीला तासाभरात बावीस. शेवटी मी जवळजवळ पळत होतो आणि गटातले निम्मे लोक दोन दालनं मागे. आता पाऊण तासाला पाच, फार तर सहा. १९१६ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्ह्ज गिल्मन यांनी 'संग्रहालयातला थकवा' यावर एक लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटातल्या वस्तू बघायला लावून तो कसा वाकतो, गुडघे कसे दुमडतो त्याचे फोटोच छापले होते. संग्रहालयात शिकवणाऱ्याला 'डोसंट' म्हणायची प्रथाही त्यांच्याच संग्रहालयातून रुळली, साधारण १९०७ पासून. मूळ लॅटिन धातू शिकवण्याचा. तर ते फोटो आठवा आणि गटाला दर दुसऱ्या चित्राला बसायला द्या.

बाकी बारीकसारीक: चित्राच्या पुढे नाही, बाजूला उभं राहायचं. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणी प्रश्न विचारला की तो मोठ्याने पुन्हा म्हणायचा, कारण मागच्यांना ऐकू गेलेला नसतो. दाखवायला पेन वापरायचं नाही, हातात असलीच तर पेन्सिल. पाठीवरच्या पिशव्या पुढे घ्यायला लावायच्या. माणसं स्वतः जपून वळतात, पण पाठीवर एक फूट वाढलंय हे विसरतात. लघुचित्रं असतील तर एका वेळी चौघंच पुढे, नाहीतर पंधराजण एकमेकांची डोकी बघून परत जातात. आणि अंधार का, ही तक्रार रोज येईल. कागदावरच्या आणि कापडाच्या वस्तूंना साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड देतात, तैलचित्रांना २०० पर्यंत. उजेडाने जो रंग उडतो तो अंधारात ठेवून परत येत नाही, एवढं सांगितलं की लोक समजून घेतात. दालनात शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्यावीत.

एक पथ्य मात्र मी पाळतो. सर्वज्ञ पाहुणा प्रत्येक गटात एक असतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही. "यावर तुम्हीच दोन वाक्यं सांगा" म्हणायचं. बहुतेकांचं दोन वाक्यांत संपतं. एकदा एक बाई संपल्या नाहीत, आणि त्या दिवशी मी पाठ्यपुस्तकात नसलेलं बरंच शिकलो.

वाळवी

पण हे सगळं फुकट का? तिकिटाचे पैसे संग्रहालय घेणार, दुकानात कॉफीचे मग आणि फ्रिजवरची चुंबकं विकणार, आणि बोलून घसा बसवणार फुकटे.

निळी_शाई

प्रश्न रास्त आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये साठ वर्षं चाललेला स्वयंसेवक गाईडांचा उपक्रम बंद केला, पगारी शिक्षक नेमायचे म्हणून. केवढा गदारोळ झाला. एका बाजूने, फुकट काम करणं हे ज्यांना परवडतं तेच गाईड होतात, म्हणजे एकाच प्रकारची माणसं. दुसऱ्या बाजूने, ऐंशीच्या आसपास लोक, वर्षानुवर्षं जीव ओतलेले, एका पत्राने घरी. मला दोन्ही पटतं. आमच्याकडचे स्वयंसेवक उद्या गेले तर शाळांच्या फेऱ्या निम्म्यावर येतील. आणि ते आहेत म्हणून पगारी जागा मंजूर होत नाहीत, हेही खरं.

मधली_खिडकी

वाळवी, मी का करते ते मलाही नीट सांगता येत नाही. बंद व्हायच्या आधीची पंधरा मिनिटं दालनात कुणी नसतं, ती पगारात धरते.

सगळ्यांचे आभार. पदवीचं विचारणाऱ्यांसाठी: मी रसायनाची पदवीधर. तरी मला द्रावणाचा संशय आला नाही!

रविवारी काय होतं ते लिहीन.

भटका_कुंचला

त्या ज्येष्ठ गाईडबाईंना सांगितलंत का?

मधली_खिडकी

हो. फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही कुणीतरी सांगितलं होतं गं." मग जरा थांबून, "फोटोत कशी दिसते?" त्यांना फाइल दाखवायला नेणार आहे.

मधली_खिडकी

वृत्तांत.

चौदाजण होते. तिसरी_घंटा म्हणाली तसं मी चित्रापाशी आले आणि गप्प बसले. दोन मिनिटं म्हणजे केवढी असतात हो! पहिल्या अर्ध्या मिनिटाला एकाने मोबाइल काढला, मी त्याच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा केली. मग "काय चाललंय?" विचारलं. पुस्तक वाचतेय. वाचत नाहीये, पान उलटायची वाट बघतेय. कुणीतरी आत आलंय म्हणून वर बघितलंय. हे मला नवीन होतं. नजर खरंच पानावर नाही, दाराकडे असावी तशी आहे.

हात सगळ्यात शेवटी निघाला. एक तरुण मुलगी म्हणाली, "डावा हात वेगळ्या माणसाने काढल्यासारखा वाटतो." कशावरून? "उजव्याला हाडं आहेत." मग मी सफाईचं, वॉर्निशचं, फोटोचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की दोन वर्षं मी इथे उभी राहून दुसरंच सांगत होते आणि ते खरं नव्हतं. दोघंतिघं हसले. शंकासूर, तुमचा अंदाज थोडा बरोबर निघाला. एक काका "अच्छा, सफाईत गेला" एवढं म्हणून पुढच्या दालनात गेलेच.

पण बाकीचे हलेनात. सगळे पुढे वाकून तो तपकिरी भाग बघायला लागले, इतके की पहारेकरी दोन पावलं जवळ आला. घासल्याची रेघ कुठे थांबते ते शोधत होते. मनगटाशी थांबते. तिथून वर बाहीची लेस शाबूत आहे. हे मीसुद्धा त्या दिवशीच पाहिलं.

आणि हो, आजोबा आले होते. नेहमीसारखे मागे. मला त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. गट पुढे गेल्यावर ते बाकावरून उठले, चित्रापाशी गेले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ तो हात बघत राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, "आजोबा, तुम्हाला इतके दिवस चुकीचं सांगितलं, माफ करा." त्यांनी माफीचं काही ऐकल्यासारखं दाखवलं नाही. म्हणाले, "फोटोत अंगठी कुठल्या बोटात आहे?"

मला सांगता येईना. मी अंगठी बघितली, बोट बघितलंच नव्हतं.

ते म्हणाले, "बघून ठेवा. मी पुढच्या रविवारी येतो."

उद्या सकाळी फाइल मागायला जातेय.

वाळवी

बोट कळलं की इथे टाका. वाट बघतोय.